माझ्या मुलाचे दोन मामा – बाळांची प्रतिकारशक्ती, साधा सीबीसी आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट

ऐरोलीची_आई

गेल्या आठवड्यात सोसायटीतल्या हळदीकुंकवाला एक बाई सहज बोलून गेल्या, "आमच्या वहिनीच्या माहेरी मुलगे टिकत नाहीत." दोघी-तिघी हळहळल्या, वाण हातात आलं आणि विषय पुढे गेला. मी त्यांना जिन्यात गाठलं. अर्धा तास बोलत होतो. तेव्हापासून वाटतंय की हे इथेही लिहावं, कारण हेच वाक्य आमच्या घरात तीस वर्षं होतं आणि त्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला.

माझ्या आईला माझ्याआधी दोन मुलगे झाले. पहिला १९८४ चा, सात महिन्यांचा होऊन गेला. दुसरा १९८७ चा, त्याचाही पहिला वाढदिवस झाला नाही. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. कोणी म्हणालं दृष्ट, कोणी म्हणालं देवाचं काही राहिलंय. मग मी झाले, मुलगी, आणि जगले. त्या दोघांचे फोटो घरात नाहीत. आई बोलत नाही, आम्ही विचारत नाही.

माझा मुलगा नोव्हेंबर २०१८ मध्ये झाला, पावणेतीन किलोचा, गुटगुटीत. दुसऱ्या दिवशी बीसीजी आणि पोलिओचे थेंब दिले. तीन महिने सगळं ठीक होतं. मग तोंडात पांढरे चट्टे आले. औषध लावलं की जायचे, बंद केलं की पुन्हा यायचे. त्यानंतर जुलाब. मग खोकला, न्यूमोनिया, आठ दिवस ॲडमिट. घरी आणला आणि बाराव्या दिवशी पुन्हा ॲडमिट. वजन पाच किलोवर अडकलं. डाव्या काखेत, बीसीजी टोचलं त्या बाजूला, बोराएवढी गाठ आली. ती फुटून वाहू लागली, तेव्हा "बीसीजीने कधी कधी होतं असं" म्हणून ड्रेसिंग करून पाठवलं.

या दोन महिन्यांत त्याचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची साधी तपासणी, चार वेळा झाला. पहिला कागद माझ्याकडे अजून आहे. एकूण पांढऱ्या पेशी ५,४००. त्यात लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, २२ टक्के. समोर छापलेली रेंज २० ते ४०. म्हणजे सगळं रेंजमध्ये, कुठे लाल अक्षर नाही, शेजारी बाण नाही. आता मला माहीत आहे की ती रेंज मोठ्या माणसांची होती. ५,४०० चे २२ टक्के म्हणजे १,१८८. मोठ्या माणसाला हा आकडा चालतो. चार महिन्यांच्या बाळाला त्याच्या कितीतरी पट लिम्फोसाइट असायला हव्यात. चार कागद, चारही वेळा हाच प्रकार, आणि हा गुणाकार कोणी केला नाही. मीही नाही. मी बी.कॉम. आहे, आयुष्यभर टक्केवारीच काढत आले आहे, म्हणून हे जास्त लागतं.

तिसऱ्या वेळी दुसऱ्या रुग्णालयात नेलं. रात्रपाळीला एक तरुण निवासी डॉक्टर होती. तिने छातीचा एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाली, "थायमसची सावली दिसत नाही." थायमस म्हणजे छातीतली ग्रंथी, लिम्फोसाइटपैकी टी पेशी तिथे तयार होतात. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुमच्या माहेरी लहान मुलगे गेलेत का?"

पाच महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी "हो" म्हणाले आणि खाली बसले. आई बाहेर बाकावर होती. तिला आत बोलावलं आणि तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. तोंडात चट्टे, जुलाब, खोकला, काखेत गाठ, दोघांनाही. जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा नमुना परळला गेला, केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे तिथे. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे लिम्फोसाइटचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या तपासणीत, टी पेशी जवळपास शून्य, एनके पेशीही नाहीत, बी पेशी मात्र आहेत. नंतर जनुकाचा रिपोर्ट आला, आयएल-टू-आरजी. एक्स गुणसूत्रावरचं जनुक. नाव एक्स-लिंक्ड सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळपास नसणं, सगळे त्याला 'स्किड' म्हणतात. मुलग्याला एक्स एकच असतो, तो आईकडून येतो. आईच्या दोनपैकी एक एक्स बिघडलेला असेल तर ती ठणठणीत राहते, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. दृष्ट नव्हती, देवाचंही काही राहिलं नव्हतं. काखेतली गाठ म्हणजे लशीतले जिवंत जंतू अंगभर पसरायला लागले होते, कारण त्यांना अडवायला आत कोणी नव्हतं.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरला, म्हणजे निरोगी माणसाच्या रक्त बनवणाऱ्या पेशी बाळाला देणं. भावंड नव्हतं, पूर्ण मॅच शोधायला वेळ नव्हता. जून २०१९ मध्ये, सातव्या महिन्यात, नवऱ्याच्या पेशी दिल्या. अर्धा मॅच, हाप्लो म्हणतात तो. आम्हाला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल. प्रत्यक्षात छातीतल्या लाइनला एक लहान लाल पिशवी लावली आणि दोन तासांत संपली. खरं युद्ध त्यानंतरचं. हलकी केमो आधीच झाली होती. नव्या पेशींचा काउंट यायला एकोणीस दिवस लागले. अंगावर पुरळ उठलं, जीव्हीएचडी, म्हणजे बापाच्या पेशी लेकराच्या अंगाला परकं समजू लागल्या. सीएमव्ही नावाचा विषाणू वर आला. आणि नव्या टी पेशी कामाला लागल्यावर काखेतली गाठ उलट आणखी सुजली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आता शरीर लढतंय. बीसीजीचे जंतू टीबीच्याच कुळातले, म्हणून टीबीची औषधं दीड वर्ष चालली.

मार्च २०२० मध्ये सगळी ऐरोली मास्क लावायला आणि हात धुवायला शिकली, तेव्हा आमच्या घरी ते नऊ महिने चाललं होतं.

आज तो पहिलीत आहे. टी पेशी बापाच्या, उत्तम. बी पेशी मात्र त्याच्याच राहिल्या आणि त्या अँटिबॉडी नीट बनवत नाहीत, म्हणून दर चार आठवड्यांनी आयव्हीआयजीची, म्हणजे तयार अँटिबॉडींची, बाटली लावावी लागते, कदाचित कायम. हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मामधून ते बनतं. त्या दिवशी तो शाळेच्या डब्यासारखा डबा घेऊन रुग्णालयाच्या डे-केअरला जातो.

मला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या माहेरी, आजोळी, मावशीकडे वर्षाच्या आत मुलगे गेले असतील, तर ती गोष्ट गरोदरपणीच डॉक्टरांना सांगा. विचारायची वाट पाहू नका. आणि बाळ सारखं आजारी पडत असेल तर सीबीसीवरच्या एकूण पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइटच्या टक्क्याने गुणून शंभराने भागा. तो आकडा घेऊन डॉक्टरांसमोर बसा.

सानपाडा७

ताई, वाचून हात थरथरले. आमची मुलगी चार महिन्यांची आहे. आत्ताच तिचा जुना सीबीसी काढून गुणाकार केला, ६,२०० आला. पण एक भीती वाटते. असं वाचून लोक बीसीजीच देणार नाहीत.

बालडॉक्टर_ठाणे

सानपाडा७, तुमची भीती रास्त आहे, म्हणून आधी तेच. बीसीजी टाळू नका. आपल्याकडे टीबी घरोघरी पोचतो, आणि लहान मुलांना होणारा मेंदूचा टीबी किती भयंकर असतो हे मी वॉर्डात पाहिलं आहे. ही लस त्यापासून वाचवते. थांबायचं फक्त तेव्हा, जेव्हा घरात असा इतिहास आहे. तेव्हाही कायमचं नाही, बाळाच्या लिम्फोसाइटचा आणि फ्लो सायटोमेट्रीचा रिपोर्ट येईपर्यंत. पोलिओचे तोंडाने द्यायचे थेंब आणि रोटाव्हायरस या लशीही जिवंत आहेत, त्यांनाही तोच नियम. पोलिओचं इंजेक्शन चालतं. घरात स्किडचं बाळ असेल तर त्याच्या भावंडांनाही थेंब देऊ नयेत, कारण तो विषाणू शौचातून बाहेर पडतो.

आकड्याबद्दल: तान्ह्या बाळात ३,००० च्या खाली लिम्फोसाइट आल्या तर मी तपासणी पुन्हा करतो आणि पुन्हा कमी आल्या तर पुढे पाठवतो. तुमची मुलगी छान आहे. मात्र आकडा चांगला असला तरी लक्षणं बोलत असतील तर ऐकायचं. काही प्रकारांत लिम्फोसाइट भरपूर दिसतात आणि काम करत नाहीत.

अजून एक, कारण इथे कोणी परिचारिका वाचत असेल. अशा बाळाला रक्त द्यावं लागलं तर ते इरॅडिएटेडच, म्हणजे किरण देऊन लिम्फोसाइट निकामी केलेलंच हवं. साध्या पिशवीतल्या दात्याच्या लिम्फोसाइट बाळाच्या शरीरावर हल्ला करू शकतात, आणि त्यातून वाचवणं अतिशय अवघड असतं.

वेळेचं महत्त्व संशोधनात किती स्पष्ट आहे तेही सांगतो. स्किडच्या बाळाला बहिणीच्या मॅरोने बरं करण्याचं पहिलं यश १९६८ चं, अमेरिकेत मिनेसोटाला, रॉबर्ट गुड यांच्या चमूचं. बाळ पाच महिन्यांचं होतं. त्यानंतर तंत्र सुधारत गेलं, पण २०१४ मध्ये एक अभ्यास आला ज्याने माझी स्वतःची पद्धत बदलली. उत्तर अमेरिकेतल्या २५ केंद्रांत २००० ते २००९ दरम्यान ट्रान्सप्लांट झालेली २४० बाळं. साडेतीन महिन्यांच्या आत ज्यांचं झालं, त्यांतली ९४ टक्के पाच वर्षांनी जिवंत होती. त्याहून मोठी पण संसर्ग न झालेली, ९० टक्के. संसर्ग होऊन बरा झालेली, ८२ टक्के. आणि संसर्ग चालू असताना ज्यांचं करावं लागलं, त्यांतली निम्मी. आजार तोच, उपचार तोच. फरक एवढाच की जंतू आधी पोचले की डॉक्टर.

म्हणून अमेरिकेत आता टाचेच्या रक्ताच्या थेंबावर 'ट्रेक' चाचणी करतात. थायमसमध्ये टी पेशी तयार होताना डीएनएचे छोटे गोल तुकडे मागे राहतात, ते मोजायचे. नसतील तर टी पेशी बनत नाहीत. विस्कॉन्सिनने २००८ मध्ये सुरू केलं, २०१८ च्या अखेरीस सगळी राज्यं आली. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये ९०२ मुलांचा आढावा आला. पाच वर्षांचं जगण्याचं प्रमाण अठ्ठावीस वर्षं ७२-७३ टक्क्यांवर अडलेलं होतं, ते २०१० नंतर ८७ वर गेलं, आणि जन्मतःच्या चाचणीत सापडलेल्यांत ९२.५ वर. आपल्याकडे ही चाचणी सरसकट होत नाही. तोपर्यंत आपल्या हातात आजीची आठवण आणि सीबीसी आहे, आणि हे दोन्ही फुकटात किंवा दोन-तीनशे रुपयांत मिळतं.

नौपाड्याचे_आजोबा

सौ. ऐरोलीची_आई यांस, तुमच्या धीराला नमस्कार. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत होती, माझेच मोठे बंधू त्यात आहेत. त्यांची दोन नातवंडं लहानपणी गेली, एक मुलगा, एक मुलगी. मुलगीही गेली म्हणजे हा आजार नसावा असं समजायचं का?

बालडॉक्टर_ठाणे

काका, तसं समजू नका. एक्सवरचा प्रकार प्रामुख्याने मुलग्यांना होतो, पण स्किडचे इतर अनेक प्रकार मुलगा-मुलगी दोघांत सारखेच दिसतात. त्यात आई आणि वडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असते आणि दर गरोदरपणात बाळाला दोन्ही येण्याची शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच प्रत असण्याचा संभव वाढतो. बंधूंच्या घरात पुढची पिढी येणार असेल तर जनुकीय सल्ला जरूर घ्यायला सांगा. त्या दोन बाळांचे जुने कागद, डिस्चार्ज कार्ड, काहीही असेल ते शोधा.

खारघर_टेकडी

मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे दाता.

कॉलेजच्या शिबिरात गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दात्री या मज्जादात्यांच्या नोंदणीत नाव दिलं होतं. विसरूनही गेलो होतो. तीन वर्षांनी फोन आला की एका रुग्णाशी तुमचा एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळतोय. मी हो म्हणालो आणि घरी वादळ उठलं. आई म्हणाली, पाठीच्या कण्यात सुई घालतात, लंगडा होशील, लग्न कोण करेल. चार दिवस तिने जेवण सोडलं.

हा घोटाळा आपल्या भाषेतही आहे असं मला वाटतं. आपण अस्थिमज्जा म्हणतो आणि मज्जारज्जूही म्हणतो, म्हणून ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. मज्जारज्जू पाठीच्या कण्यातला, त्याला कोणी हात लावत नाही. अस्थिमज्जा हाडाच्या आतला मऊ भाग, जिथे रक्त तयार होतं. काढलीच तर कमरेच्या हाडातून, भूल देऊन, आणि ती काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. माझ्या बाबतीत तर तेही नव्हतं. पाच दिवस इंजेक्शनं, त्याने स्टेम सेल्स, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, रक्तात उतरतात. अंग आणि कंबर तापासारखी दुखली, ते खरं. मग चार तास मशीनवर. एका हातातून रक्त बाहेर, पेशी गाळून दुसऱ्या हातात परत. संध्याकाळी मी हार्बरने घरी आलो. आई स्टेशनवर उभी होती.

कोणाला दिलं ते मला माहीत नाही. लहान मूल होतं एवढंच सांगितलं.

आम्ही खारघरमध्ये राहतो, ॲक्ट्रेकच्या, म्हणजे टाटा मेमोरियलच्या इथल्या कॅन्सर केंद्राच्या, वाटेवर. तिथे रक्ताच्या कॅन्सरसाठी ट्रान्सप्लांट होतात. टाटाने परळला मार्च १९८३ मध्ये देशातलं पहिलं केलं होतं, नऊ वर्षांच्या मुलीचं, भावाच्या मॅरोवर. एवढी जुनी गोष्ट आपल्या शहरातली, आणि तरी माझ्या वर्गातल्या ज्यांना ज्यांना पुढे फोन आले, त्यांतल्या दोघांनी घरच्यांमुळे ऐनवेळी नकार दिला. तोवर तिकडे रुग्णाची केमो सुरू होऊन त्याची स्वतःची मज्जा संपत आलेली असू शकते. एचएलए वंशपरंपरेने येतो, त्यामुळे मराठी मुलाला मॅच मिळण्याची शक्यता आपल्याच लोकांत जास्त. १८ ते ५० वयातल्यांनी नाव नोंदवा, पण त्याआधी घरी बोला. हे मी आईच्या परवानगीने लिहितोय.

घोडबंदरवासी

नाळेचं रक्त साठवण्याच्या कंपनीचा माणूस आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येतो. असे आजार झाले तर तेच रक्त उपयोगी पडेल म्हणतो. खरं आहे का?

ऐरोलीची_आई

मी डॉक्टर नाही, पण हे मलाही विकायला आले होते, म्हणून विचारून ठेवलंय. आजार जनुकात असेल तर बाळाच्या नाळेच्या रक्तातही तोच बिघाड असतो. स्वतःचं रक्त स्वतःला परत देऊन काय मिळणार? आयसीएमआरनेही स्वतःच्या भविष्यासाठी अशा खासगी साठवणीला शास्त्रीय आधार नाही असं म्हटलं आहे. घरात आधीच आजारी मूल असेल आणि नवीन भावंड येणार असेल तर गोष्ट वेगळी, ते रक्त त्या मुलाला जुळू शकतं.

खर्चाचं व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) चौघांनी विचारलंय. आमचे सगळे मिळून २५ लाखांच्या घरात गेले. सासऱ्यांनी गावची जमीन विकली. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, दोन ट्रस्ट, नवऱ्याच्या ऑफिसातली वर्गणी. आमच्या वेळी दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण नव्हतं, ते २०२१ मध्ये आलं. त्यात स्किड, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज (सीजीडी), विस्कॉट-ऑल्ड्रिच हे प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजार ट्रान्सप्लांटने बरे होणारे म्हणून पहिल्याच गटात आहेत आणि २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख आहे. अर्ज उत्कृष्टता केंद्रातूनच करावा लागतो, मुंबईत केईएम हे तसं केंद्र आहे. फाइल दोन प्रतींत ठेवा.

वाशीचा_वाचक

जीन थेरपीचं काय? दाता शोधायलाच नको.

बालडॉक्टर_ठाणे

थोडक्यात सांगतो. जीन थेरपी म्हणजे बाळाच्याच पेशींत चांगलं जनुक घालून त्या परत देणं. सुरुवात एडीए-स्किडपासून, म्हणजे एडीए या जनुकाच्या बिघाडाने होणाऱ्या प्रकारापासून झाली, सप्टेंबर १९९० मध्ये, अमेरिकेत, चार वर्षांच्या मुलीवर. १९९९ मध्ये पॅरिसला एक्स-लिंक्ड प्रकारावर केली. मुलांना टी पेशी आल्या, पण काहींना पुढे ल्युकेमिया झाला, कारण जनुक वाहून नेणारा विषाणू नको त्या जागी जाऊन बसला होता. तो धक्का मोठा होता. आता वेगळे, लेंटिव्हायरल वाहक वापरतात. २०२१ मध्ये एडीएच्या ५० मुलांचे निकाल आले, सगळी जिवंत आणि ४८ जणांमध्ये उपचार लागू पडला. आपल्याकडच्या पालकांसाठी आज हाताशी असलेला मार्ग मात्र ट्रान्सप्लांटचाच आहे, आणि अर्धा मॅचही चालू लागल्यापासून जवळपास प्रत्येक बाळाला घरातच दाता असतो, आई किंवा बाप.

अबोली_डोंबिवली

आमचा २०१४ मध्ये गेला. नऊ महिन्यांचा. सीजीडी होतं, कळलं तेव्हा फुप्फुसात बुरशी पसरली होती. आज हा धागा पूर्ण वाचला. माझ्या धाकट्या बहिणीला पाठवला आहे, तिचं लग्न ठरलंय.

ऐरोलीची_आई

अबोलीताई, नंबर व्यनि करते. कधीही फोन करा.

कळव्याची_लेक

मी दोन दिवस हा धागा उघडून बंद करत होते. मला आठवा महिना लागलाय. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता, सहा महिन्यांचा असताना "न्यूमोनियाने गेला" एवढंच माहीत होतं. काल रात्री आईला विचारलं. आधी चिडली, अशा दिवसांत असलं काय काढतेस म्हणून. मग स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून बोलायला लागली. त्याच्या तोंडात चट्टे होते. ती मध आणि टाकणखार लावायची. आणि तिच्या आईलाही एक मुलगा झाला होता, तोही राहिला नाही. आता माझ्या हातात किती वेळ आहे?

बालडॉक्टर_ठाणे

ताई, भरपूर वेळ आहे. घाबरू नका. कदाचित काही नसेलही. अकरा-बारा आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, ती वेळ गेली, पण त्याने आत्ता काही अडत नाही. बाळ मुलगा की मुलगी हे आधी कळणार नाही, तरी तयारी एकच. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना आजच हे सांगा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. बाळ जन्मल्यावर नाळेच्या रक्ताचा सीबीसी आणि फ्लो सायटोमेट्री. बीसीजी आणि पोलिओचे थेंब रिपोर्ट येईपर्यंत थांबवा, हे प्रसूतिगृहातल्या सिस्टरांना नवऱ्याने तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायचं, कारण लस सकाळच्या फेरीत सवयीने दिली जाते. तुमची वाहक तपासणी सुरू करून ठेवता येईल. भावाचे कागद नसले तरी चालेल, आईंची आठवण पुरे.

कळव्याची_लेक

परळची वेळ मिळाली, सोमवारची. आई येते म्हणाली.

ऐरोलीची_आई

आईंना नक्की आणा, त्यांना विचारतील. कळव्याहून स्लोच घ्या, थेट परळला उतरा, दादरला गाडी बदलायची दगदग नको. पूर्वेला बाहेर पडा, केईएम चालत पाच-दहा मिनिटांवर आहे, पण तुम्ही टॅक्सी करा. संस्था १३ व्या मजल्यावर, लिफ्टला रांग असते, साडेआठला पोचा. बरोबर पोळी-भाजी ठेवा. मी रजा टाकली आहे, लिफ्टपाशी हिरव्या साडीत असेन.